बोला, पुढे बोला!

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. इंग्रजीचा अध्यापक म्हणून मी तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं नोकरी केली. शेक्सपिअर शिकवला, व्याकरणाचे पेपर तपासले. पण इंग्रजीत कुणाशी नुसत्या गप्पा मारायची वेळ वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझ्यावर आली नव्हती. ती आली २००१ साली, एस.टी. स्टँडसमोरच्या एका सायबर कॅफेत. याहूच्या चॅटरूममध्ये तुर्कस्तानातल्या कुणा मुलानं मला विचारलं, ‘हाय, हाउ वॉज युअर डे?’ मी कर्ता, कर्म, क्रियापद तपासून पाच ओळींचा नेटका परिच्छेद तयार केला आणि पाठवून दिला. तोवर तो मुलगा निघून गेला होता! शेजारच्या खुर्चीवरचा बारावी नापास पोरगा मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुणा इंडोनेशियन मुलाशी तासभर बोलत होता. दोघंही आपापल्या ठिकाणी हसत असावेत. इकडचा तर नक्कीच हसत होता.

त्या दिवशी घरी परतताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. १९८८ सालची गोष्ट. वर्गात मी काहीतरी विचारलं, ती धीर करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, यस्टर्डे आय डिड वेंट...’ मी तिला तिथंच थांबवलं. ‘डिड’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, हे फळ्यावर लिहून दाखवलं. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. पुढे दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती, पण इंग्रजी बोलण्यासाठी तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. आदल्या दिवशी ती कुठं गेली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी एका प्रश्नाच्या मागे लागलो. अनोळखी माणसाशी टाइप करून गप्पा मारायच्या आणि त्यातून इंग्रजी शिकायचं, ही कल्पना मुळात आली कुठून? मला वाटलं होतं, उत्तर लंडनच्या एखाद्या भाषासंस्थेत सापडेल. ते सापडलं वॉशिंग्टनमध्ये, कर्णबधिरांच्या कॉलेजात.

पुस्तकातली इंग्रजी

पण आधी आपल्याकडचं थोडं बोलू. १८३५ साली मेकॉलेचा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि इंग्रजी आपल्याकडे परीक्षेची भाषा म्हणून रुजली. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. इकडचं वाक्य तिकडे न्यायचं, तिकडचं इकडे आणायचं. पद्धत कष्टाची होती आणि पायाही पक्का होत असे. या पद्धतीनं शिकलेल्यांनी उत्तम इंग्रजी लिहिलं, हेही विसरून चालणार नाही. पण या सगळ्यात तोंड बंदच राहायचं. विद्यार्थी इंग्रजी लिहायचा तो गुरुजींनी तपासण्यासाठी, कुणाला काही सांगण्यासाठी नव्हे.

पुढे बोलण्याची गरज भासू लागली, तेव्हा रॅपिडेक्ससारखी पुस्तकं आली. कपिलदेवची जाहिरात अनेकांना आठवत असेल. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. पुस्तकं आली, तास वाढले. नव्हता तो फक्त समोरचा माणूस, जो न हसता ऐकून घेईल.

वॉशिंग्टनमधली शांत खोली

अमेरिकेतलं गॅलॉडेट हे कर्णबधिरांसाठीचं नामवंत शिक्षणकेंद्र. १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीनं त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. इथं इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० साली एक गोष्ट साधार मांडली. अमेरिकन खुणांची भाषा म्हणजे इंग्रजीची हातवाऱ्यांतली नक्कल नव्हे, तर स्वतःची रचना असलेली स्वतंत्र भाषा आहे. आधी त्यांची थट्टा झाली. पण त्यांचं म्हणणं मान्य करायचं, तर त्यातून एक सरळ गोष्ट निघते. खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलासाठी इंग्रजी ही मातृभाषा नव्हेच. मराठी मुलासाठी असते, तशी ती दुसरी भाषा आहे.

याच कॉलेजात ट्रेंट बॅटसन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांची अडचण अशी, की ऐकू येणारं मूल भाषा शिकतं ते बोलण्यातून. ते चुकतं, आई हसून उत्तर देते, मूल पुन्हा बोलतं. कर्णबधिर विद्यार्थ्याला इंग्रजी भेटते ती फक्त कागदावर, निबंधाच्या आणि लाल शाईच्या रूपानं. इंग्रजीत थट्टा करावी, कुरकुर करावी, जेवणाच्या चवीबद्दल तक्रार करावी, अशी संधीच त्याला मिळत नाही.

१९८५ साली बॅटसन यांनी एका खोलीतले संगणक तारांनी एकमेकांना जोडले आणि विद्यार्थ्यांना म्हटलं, इथं इंग्रजीत गप्पा मारा. एकानं वाक्य टाइप करून पाठवलं, की ते त्याच्या नावासकट सगळ्यांच्या पडद्यावर उमटे. शिक्षकही त्याच पडद्यावर गप्पांमध्ये सामील होत. मंडळी, यातली गंमत पाहा. सगळे एकाच खोलीत बसलेले आहेत, खोलीत कळफलकांखेरीज आवाज नाही आणि पडद्यावर मात्र गलका चाललाय! मला हे वाचताना माझा वर्ग आठवला. माझ्या वर्गात सगळ्यांना ऐकू येत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

कर्णबधिरांना अशा टंकलेल्या गप्पा अगदीच नव्या नव्हत्या. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे स्वतः कर्णबधिर असलेले भौतिकशास्त्रज्ञ. १९६४ च्या सुमारास त्यांनी जुनी टेलिप्रिंटर यंत्रं टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली. दोन्हीकडून एकदम टाइप केलं तर अक्षरांची खिचडी होई. म्हणून आपलं बोलणं संपलं, की ‘जी ए’ अशी दोन अक्षरं लिहायची. ‘गो अहेड’, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’. मला ही दोन अक्षरं फार आवडतात. शिक्षकाच्या तोंडी सर्वांत कमी वेळा येणारं वाक्य तेच आहे.

गप्प बसणारे बोलू लागले

बॅटसन यांची कल्पना कर्णबधिरांपुरती राहिली नाही. ऐकू येणाऱ्यांच्या कॉलेजांनी ती उचलली. टेक्सासमधल्या तरुण संशोधकांनी वर्गातल्या अशा गप्पांसाठी ‘डेडलस’ नावाची प्रणाली बनवली आणि ती परकीय भाषांच्या वर्गांत पोहोचली. बर्कलीमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा रॉबर्ट कर्न यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. तोंडी चर्चेच्या मानानं पडद्यावरच्या चर्चेत विद्यार्थी किती तरी जास्त वाक्यं बोलत होते. व्याकरणाचा काटेकोरपणा मात्र कमी झाला होता, हेही कर्न यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

पुढच्याच वर्षी मार्क वॉरशॉअर यांचा अभ्यास आला. हवाईतल्या वर्गात इंग्रजी शिकणारे सोळा विद्यार्थी होते. फिलिपिनो, जपानी, चिनी आणि व्हिएतनामी. समोरासमोर बसवलं, की थोडेच बोलत आणि जपानी मुलं जवळजवळ गप्प असत. तीच चर्चा संगणकावर नेली, तर बोलण्याची वाटणी पुष्कळच समान झाली. गप्प बसणारे बोलू लागले. माझी विद्यार्थिनी त्या वर्गात असती तर, असा विचार तेव्हा मनात आलाच.

दरम्यान, गप्पा खोलीबाहेर पडल्या होत्या. १९९४ साली न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजच्या ज्युली फालसेट्टी यांनी ‘श्मूझ युनिव्हर्सिटी’ सुरू केली. ‘श्मूझ’ म्हणजे यिडिश भाषेतून इंग्रजीत आलेला, गप्पा छाटणं या अर्थाचा शब्द. हे विद्यापीठ निव्वळ अक्षरांचं होतं. चित्रं नाहीत, आवाज नाही, फक्त वर्णन. इंग्रजी शिकणारी जगभरची माणसं तिथं ‘फिरायची’, एकमेकांना ‘भेटायची’ आणि गप्पा मारायची.

आणखी एक योगायोग पाहण्यासारखा आहे. इंटरनेटवरच्या सार्वजनिक गप्पांची ‘आयआरसी’ ही व्यवस्था १९८८ साली घडवली ती यार्को ओइकारिनेन या फिनलंडमधल्या तरुणानं. १९९६ साली ‘आयसीक्यू’ आणलं ते इस्राएलमधल्या तरुणांनी. यांपैकी कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नव्हती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं आणि काही वर्षांतच आपली मुलं सायबर कॅफेतून या गप्पांत शिरली. समोर कोण भेटे? बहुधा तुर्की, ब्राझीलियन, इंडोनेशियन. जगात इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांपेक्षा ती शिकून वापरणारेच जास्त आहेत, हे भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल सांगत आले आहेत. सायबर कॅफेत ते डोळ्यांना दिसत होतं. दोन्हीकडचं इंग्रजी लंगडं, मग हसायचं कुणी कुणाला?

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. अनोळखी माणसाचा पहिला प्रश्न बहुधा वय, लिंग आणि गाव विचारणारा असे, आणि तो नेहमीच निर्मळ हेतूनं विचारलेला नसे. मुलींना तर नाव बदलूनच बसावं लागे. अल्पवयीन मुलांच्या सुरक्षिततेच्या चिंतेतून याहूनं लोकांनी स्वतः काढलेल्या चॅटरूम २००५ साली बंद केल्या. २०१२ साली उरलेल्याही मिटल्या आणि २०१८ साली याहू मेसेंजरच संपला. मोकळेपणा जिथं होता तिथंच धोकाही होता, हे मान्य करायला हवं.

फलटणच्या पडद्यावर आजी

म्हणूनच मला पुढचा टप्पा महत्त्वाचा वाटतो. दिल्लीच्या कालकाजीत १९९९ साली भिंतीत संगणक बसवणारे सुगत मित्र पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात गेले. २००९ साली त्यांनी तिथल्या वृत्तपत्रातून आवाहन केलं, की आठवड्यातला थोडा वेळ स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायला कोण तयार आहे? अनेक जण पुढे आले. त्यांत निवृत्त शिक्षक बरेच होते. या मंडळींना ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे ढगातल्या आज्या, असं नाव पडलं. त्यांचं काम शिकवणं नव्हतं. आजीसारखं कौतुकानं ऐकायचं, ‘अरे वा, मग काय झालं?’ असं विचारायचं.

२०१३ साली मित्र यांना टेड पारितोषिक मिळालं. त्यातून उभ्या राहिलेल्या सात केंद्रांपैकी एक आपल्या फलटणला, कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेत सुरू झालं. ही शाळा काढणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. फलटणची मराठी बोली अभ्यासायला त्या आल्या, इथल्या नागरिक झाल्या आणि मुलांच्या ‘मॅक्सीन मावशी’ बनल्या. लोकांमध्ये मिसळून, बोलून दुसरी भाषा आपलीशी करता येते, याचं उदाहरण त्या शाळेच्या दारातच होतं. मित्र यांच्या दाव्यांवर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, शिक्षकाशिवाय सगळं होतं हे मलाही पटत नाही. पण चूक करायला न घाबरणं, ही गोष्ट कौतुकानं ऐकणाऱ्या माणसाकडूनच मिळते, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

आता तर यंत्रंच आपल्याशी इंग्रजीत गप्पा मारतात. ती हसत नाहीत, कंटाळत नाहीत. सरावाला उत्तमच. पण आदल्या दिवशी ती मुलगी कुठं गेली होती, हे जाणून घेण्याची खरीखुरी उत्सुकता माणसालाच असू शकते. मला ती असायला हवी होती.

हल्ली शेजारची मुलं माझ्याकडे इंग्रजी बोलायला येतात. चुका मीही दाखवतो, नाही असं नाही. पण गोष्ट संपल्यावर. परवा एक जण म्हणाला, ‘आजोबा, यस्टर्डे आय डिड वेंट टु द फेअर.’ क्रियापद माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, ‘अँड देन?’ पुढचा अर्धा तास तो जत्रेबद्दल बोलत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)