बिनतारी सेतू

दोन किंवा अधिक इमारतींमधील संगणक-जाळी रेडिओलहरींनी एकमेकांना जोडणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ‘वायरलेस ब्रिज’ म्हणतात. प्रत्येक इमारतीवर एक रेडिओसंच व अँटेना असतो, तो आतल्या स्विचला केबलने जोडलेला असतो आणि दोन्ही अँटेना एकमेकांवर रोखलेले असतात. घरातला वाय-फाय राउटर चहूकडे लहरी पसरवतो. सेतूचा अँटेना मात्र सगळी शक्ती एका अरुंद झोतात एकवटतो. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत काही किलोमीटरपर्यंत जोडणी मिळते आणि दोन्हीकडचे संगणक, कॅमेरे व प्रिंटर एकाच जाळ्यात असल्यासारखे चालतात.

इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच वापरता येते. त्यापुढे प्रकाशीय तंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर हा उत्तम पर्याय. पण त्यासाठी चर खणावा लागतो किंवा खांबांवरून तंतू ओढावा लागतो, आणि मध्ये रस्ता, नाला, दुसऱ्याचे शेत किंवा वनजमीन आली की परवानग्या लागतात. भंडारा जिल्ह्यातील भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सातही तालुक्यांत अशा जागा पावलोपावली आढळतात. ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यामध्ये धानाच्या बांध्या असतात, राईस मिल आणि तिचे गोदाम रस्त्याच्या दोन बाजूंना असते, आरोग्य उपकेंद्र तलावापलीकडे असते. तीनशे मीटर ते दोन-तीन किलोमीटरच्या अशा अंतरांसाठी बिनतारी सेतू सोयीचा पडतो.

पूर्वपीठिका

माहितीची पुडकी रेडिओवरून पाठवणारे पहिले जाळे हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक त्याने जोडले. वाय-फायचे मूळ प्रमाण ८०२.११ हे १९९७ मध्ये आले. ते इमारतीच्या आतल्या वापरासाठी होते. त्यात प्रत्येक पुडके मिळाल्याचा पोच-संदेश ठरावीक काळात परत आला नाही, तर पुडके हरवले असे धरून ते पुन्हा पाठवले जाते. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. अंतर वाढले की पोच उशिरा येते आणि सेतू विनाकारण तेच ते पाठवत बसतो. म्हणून सेतूच्या संचात अंतर नोंदवून ही मुदत वाढवण्याची सोय असते. काही संचांत दोन्ही टोकांना बोलण्याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात.

भारतात आयआयटी कानपूरने २००२ च्या सुमारास ‘डिजिटल गँजेटिक प्लेन’ प्रकल्पात स्वस्त वाय-फाय संचांवर लांब पल्ल्याच्या जोडण्या उभारल्या. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर व सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खेड्यांत प्रयोग केला. ४७०–५९० मेगाहर्ट्झ या दूरचित्रवाणीच्या पट्ट्याचा भारतात बराच भाग मोकळा पडलेला आहे. त्या मोकळ्या भागावरून फायबरच्या टोकापासून पुढच्या गावांपर्यंत इंटरनेट नेण्यात आले. त्यातून वाढलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. कमी वारंवारतेच्या लहरी झाडोऱ्यातून अधिक चांगल्या जातात, हा या पट्ट्याचा फायदा. मात्र तो सर्वसामान्य वापरासाठी खुला नाही.

वारंवारता व कायदा

सेतूसाठी परवानामुक्त पट्टे वापरतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तो घरोघरच्या राउटरांनी गजबजलेला असल्याने आता सेतूला क्वचितच निवडला जातो. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील ५१५०–५३५०, ५४७०–५७२५ व ५७२५–५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे इमारतीबाहेरील वापरासह खुले केले. सेतूसाठी यांतला शेवटचा पट्टा विशेष वापरात आहे. त्यात अँटेनाच्या झोतासह परिणामी शक्ती ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, यापेक्षा अधिक चालत नाही. संचाला दूरसंचार विभागाची प्रकारमान्यता असावी लागते. स्वतःच्या दोन इमारती जोडणे आणि इतरांना इंटरनेट विकणे या वेगळ्या बाबी आहेत: विक्रीसाठी सेवादात्याचा परवाना लागतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत मात्र दुकानदारासारख्या छोट्या केंद्रचालकाला परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येते.

दृष्टिरेषा

सेतूचे यश संचाच्या ताकदीपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. एका गच्चीवरून दुसरी गच्ची दिसली म्हणजे काम झाले, असे नाही. लहरी सरळ रेषेभोवतीच्या लांबट, मध्ये फुगीर अशा भागातून जातात. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या जोडणीत मध्यभागी त्याची त्रिज्या ३.६ मीटर असते, तीन किलोमीटरच्या जोडणीत ६.२ मीटर. तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा.

समजा, दोन इमारतींमध्ये एक किलोमीटर अंतर आहे आणि बरोबर मध्ये ६ मीटर उंचीचे आंब्याचे झाड आहे. त्रिज्येचे ६० टक्के म्हणजे २.२ मीटर; म्हणून रेषा मध्यभागी जमिनीपासून ८.२ मीटर उंच हवी. एकीकडे ७ मीटरच्या दुमजली गच्चीवर आणि दुसरीकडे साडेतीन मीटरच्या छतावर प्रत्येकी ३ मीटरचा पाइप उभा केला, तर टोके १० व ६.५ मीटरवर येतात आणि मध्य ८.२५ मीटरवर. हिशेब जेमतेम जुळतो. झाड हातभर वाढले की बिघडतो. अशा वेळी पाइप उंच करणे किंवा अँटेना छताच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेणे हाच उपाय. पृथ्वीची गोलाई मात्र लहान अंतरांत नगण्य असते. दहा किलोमीटरवर ती मध्यभागी सुमारे दीड मीटर भरते.

संदेशबळाचा हिशेब

५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत एक किलोमीटरला सुमारे १०८ डेसिबलची घट होते. अंतर दुप्पट झाले की आणखी ६ डेसिबलची. २० डीबीएमचा प्रक्षेपक आणि १६ डीबीआयचा अँटेना मिळून ३६ डीबीएम होतात. त्यातून १०८ वजा केले आणि पलीकडच्या अँटेनाचे १६ मिळवले, की उणे ५६ डीबीएम हाती येतात. उणे ५० ते उणे ६५ या दरम्यानचे बळ चांगले समजतात. प्रत्यक्ष मोजमाप हिशेबापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने कमी आले, तर अडथळा आहे किंवा अँटेना नीट रोखलेला नाही असे समजावे. पडद्यावर दिसणारा जोडणीचा वेग हवेतला असतो. एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलावे लागत असल्याने प्रत्यक्ष वेग बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो.

उभारणी

दोन्ही संच आधी एका टेबलावर, शक्ती कमी ठेवून, जोडून पाहतात. एकाला ‘ॲक्सेस पॉइंट’ व दुसऱ्याला ‘स्टेशन’ अशी भूमिका देतात. साध्या वाय-फाय चौकटीत तीनच पत्ते असतात, त्यामुळे स्टेशनमागच्या अनेक संगणकांचे मूळ पत्ते पलीकडे पोचत नाहीत. चार पत्त्यांची चौकट वापरणारी ‘डब्ल्यूडीएस’ किंवा ‘ट्रान्स्परंट ब्रिज’ ही सोय दोन्हीकडे सुरू केली की ही अडचण सुटते. दोन्ही संचांना वेगवेगळे आयपी पत्ते द्यावेत, कारखान्याचा पासवर्ड बदलावा आणि कूटबद्धता किमान डब्ल्यूपीए-२ ची ठेवावी. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर साऱ्या जाळ्यात एकच असावा. फायबर आणि सेतू असे दोन मार्ग एकाच वेळी जोडायचे असतील, तर स्विचमध्ये स्पॅनिंग-ट्री चालू असणे अत्यावश्यक. एरवी माहिती वर्तुळात फिरत राहते आणि सारे जाळे ठप्प होते.

छतावर दिशा जुळवताना एक अँटेना स्थिर ठेवून दुसरा आधी आडवा, मग उभा, अगदी थोडाथोडा फिरवतात आणि दर वेळी पडद्यावरचे आकडे पाहतात. मुख्य झोताच्या बाजूंना क्षीण उपझोत असतात. त्यांच्यावर जुळणी झाली तर जोडणी लागते पण अशक्त राहते. म्हणून बळ वाढून कमी होईपर्यंत फिरवावे आणि सर्वांत मोठ्या शिखरावर परत यावे. संचाला वीज त्याच केबलमधून, पीओई अडॅप्टरद्वारे, पोचवतात. केबल बाहेरच्या वापराची व आवरणयुक्त असावी. इमारतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल दिला की पावसाचे पाणी तिथेच ठिबकते, आत येत नाही.

भंडाऱ्याचे हवामान व परिसर

पळस, साग आणि मोह उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळीत असतात. मार्चमध्ये फांद्यांतून सहज पार होणारा सेतू ऑगस्टमध्ये, त्याच झाडांना ओली पालवी असताना, अडखळू लागतो. पानांतले पाणी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषते. म्हणून पाहणी उन्हाळ्यात झाली असली तरी हिशेब भरल्या पानांचा धरावा. रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांध्या आणि जिल्ह्यातले असंख्य मामा (माजी मालगुजारी) तलाव लहरी परावर्तित करतात. थेट व परावर्तित लहरी एकमेकींना छेदून संदेश क्षीण होतो. अँटेना अर्धा-एक मीटर वरखाली केल्याने पुष्कळदा फरक पडतो.

पावसाचा स्वतःचा परिणाम ५ गिगाहर्ट्झवर या अंतरांत नगण्य असतो. ६० गिगाहर्ट्झचे संच कितीतरी वेगवान असले, तरी हवेतला ऑक्सिजनच त्यांच्या लहरी किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबलने शोषतो आणि मुसळधार पावसात भर पडते. ते काही शे मीटरपुरतेच ठेवावे लागतात. खरा धोका विजांचा. उघड्या धानपट्ट्यात उंच पाइप हाच सर्वांत उंच धातू असू शकतो. पाइपला स्वतंत्र अर्थिंग, केबल आत शिरते तिथे सर्ज-रोधक आणि या दोहोंची अर्थिंग एकमेकांना जोडलेली, एवढी तजवीज हवी. वीज जाते तेव्हा एका टोकाचा संच बंद पडला तरी जोडणी तुटते. संचांना वीज फारच कमी लागत असल्याने छोटी बॅटरी पुरते. वानरांच्या टोळ्या पाइपांवर झोके घेऊन दिशा बिघडवतात, यासाठी पाइप ताणतारांनी आवळतात.

मर्यादा

बिनतारी सेतू फायबरची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. परवानामुक्त पट्ट्यात शेजाऱ्याच्या संचाचा व्यत्यय आला तर कायद्याचे संरक्षण मिळत नाही. वाहिनी बदलणे किंवा ती ८० ऐवजी ४० वा २० मेगाहर्ट्झ अशी अरुंद करणे एवढेच हाती असते. जाळे मोठे झाले की एकीकडचा अनावश्यक गोंगाटही सेतूवरून पलीकडे जातो. तेव्हा ब्रिजऐवजी दोन्ही बाजूंना राउटर ठेवून जाळी वेगळी करतात. फायबर आलेल्या ठिकाणीही सेतू काढून टाकायचे कारण नाही: रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटतात, तेव्हा तो राखीव मार्ग म्हणून कामी येतो. त्यासाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, संदेशबळाची नोंद घेऊन उभारणीच्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहावी.