बिल्ल्याच्या कडेवरील नाव

नाशिक जिल्ह्याला लष्कर नवे नाही. देवळालीची छावणी इंग्रजी अमदानीपासूनची. नाशिक रोड कॅम्प येथे तोफखान्याचे केंद्र असून तोफखान्याचे अभिलेख कार्यालयही तेथेच आहे. जवान केव्हा भरती झाला, कोठे लढला, घरी वारस कोण, या साऱ्याची नोंद अशा कार्यालयात असते. जवानाच्या माघारी त्याच्या घरच्यांना निवृत्तिवेतन मिळते ते या नोंदीच्या आधारावर. परंतु शंभर वर्षांपूर्वी परक्या राज्यकर्त्यांच्या लढाईत जे मराठी शिपाई कामी आले, त्यांच्या नोंदींची कथा निराळी आहे. ती ग्रामस्थांनी जाणून घेण्याजोगी आहे.

पहिले महायुद्ध सन १९१४ ते १९१८ या काळात झाले. त्यात हिंदी सैन्यातील ७४,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. बगदादच्या दिशेने निघालेली फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे अडली आणि मागे हटत कूत या गावी येऊन थांबली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी कूतला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, बाहेरून मदत पोहोचली नाही आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेला शरण जावे लागले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. पुढे कित्येकांना रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले. त्यांतले बरेच जण घरी परतले नाहीत.

युद्ध संपल्यावर मृतांची स्मारके उभी राहिली. बसरा येथील स्मारक सन १९२९ मध्ये खुले झाले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव देऊन खाली केवळ संख्या लिहिली. हे अशक्य होते म्हणून नव्हे. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे सन १९२७ मध्ये जे स्मारक झाले, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही सुमारे १३,००० नावे आहेत. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने सन २०२१ मध्ये स्वतःच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला, हा भेदभाव मान्य केला आणि माफीही मागितली. तोवर शतक उलटून गेले होते.

गावोगावच्या शिळांचीही तीच गत. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी फरशी बसविलेली दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. आपल्याकडे एकशे एक रुपये देणाऱ्याचेही नाव वडिलांच्या आणि गावाच्या नावासह देवळात लावतात. ज्याने प्राण दिला, तो मात्र आकड्यात राहिला.

एका ठिकाणी तरी नाव शिल्लक आहे. त्या युद्धात गेलेल्या शिपायाला पुढे चांदीचा बिल्ला मिळाला. एका बाजूस पंचम जॉर्जची मुद्रा, वजन अडीच तोळ्यांच्या आसपास. मजूर व हमाल पथकांतील माणसांना तोच बिल्ला ब्राँझचा मिळाला. माणूस कामी आला असल्यास त्याचा बिल्ला वारसाकडे जाई. या बिल्ल्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कोणाला तो ओळखू आला नाही. कोणी पोरांना खेळायला दिला. चांदीचा म्हणून कित्येक बिल्ले अडीअडचणीच्या वेळी सोनाराच्या मुशीत गेले. त्याबरोबर नावही वितळले.

बिल्ला वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नावाचे स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे झालेले असते. एकच आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने सापडते. दुसरी, सन १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ वी ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली झाली, ११० वी तिसरी झाली आणि ११७ वी पाचवी झाली. म्हणून आजोबांच्या बिल्ल्यावरील क्रमांक आज कोठे मिळत नाही, एवढ्यावरून शोध सोडू नये. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे आहे. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. युद्धसमाधी आयोगाच्या यादीतही नाव, पलटण आणि पुष्कळदा वडिलांचे व गावाचे नाव शोधता येते.

तेव्हा माळ्यावरची जुनी ट्रंक मोडीत काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. त्यात पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद किंवा रंग उडालेल्या फितीचा बिल्ला निघाला, तर उजेडात धरून त्याची कड वाचावी. जे नाव निघेल ते गावाच्या दप्तरात उतरवून ठेवावे. सरकारी दगडावर आकडा आला तो आला. त्या आकड्यामागचे नाव लिहून ठेवणे गावाच्या हाती आहे.