सातत्य म्हणजे काय?



महोत्सवप्रसंगीं ‘अखंड परंपरा’ हे शब्द आपल्या मुखीं वारंवार येतात. राजघराण्याचें सातत्य रक्तानें चालतें, नदीचें प्रवाहानें; ख्रिस्तसभेचें सातत्य प्रेषितांपासून चालत आलेल्या दीक्षेनें. मग जेथें धर्मगुरूच उरला नाहीं, तेथें तें तुटलें म्हणावें काय? ह्याचें उत्तर जपानच्या इतिहासांत आहे.

त्या देशाशीं आपला ऋणानुबंध जुना. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर देह ठेविला. पुढें 1614 मध्यें तोकुगावा राज्यकर्त्यांनीं देशभर ख्रिस्ती धर्मास बंदी केली. 1644 मध्यें मागें राहिलेला अखेरचा धर्मगुरूही मारला गेला. मिस्सा थांबली, पापनिवेदन थांबलें. परंतु नागासाकीजवळील उराकामी गांवच्या शेतकऱ्यांनीं कामें वांटून घेतलीं: एकानें सणांचे दिवस मोजावे, एकानें बालकांना बाप्तिस्मा द्यावा, एकानें घरोघर निरोप पोंचवावा. एक गेला कीं दुसऱ्यानें तें काम उचलावें.

17 मार्च 1865 रोजीं, त्याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पिलेल्या नागासाकीच्या नव्या मंदिरांत, फादर पेतिजाँ ह्यांजकडे उराकामीचे कांहीं लोक आले. पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें एका स्त्रीनें विचारिलें. आज उपवासकाळाचा सतरावा दिवस, हेंही त्यांस ठाऊक होतें. ख्रिस्तसभेच्या पंचांगांतही तो सतरावाच होता! धर्मगुरूवांचून 221 वर्षें लोटलीं, तरी दिवस चुकला नव्हता.

छळ तेवढ्यानें संपला नाहीं. उराकामीच्या 3,000 हून अधिक लोकांनीं हद्दपारी भोगली. बंदी उठली ती 1873 मध्यें. कांहीं मंडळी मात्र पूर्वजांच्या रीति सोडवेनात म्हणून ख्रिस्तसभेबाहेरच राहिली. त्यांची निष्ठा थोर. तथापि नुसतें रूप जपतांना मूळ दुरावूं शकतें, हाही धडा त्यांत आहे.

आपणांस छळ नाहीं. मंदिर आहे, धर्मगुरू आहे. म्हणूनच आम्हांस भय वाटतें. सर्व भार मंदिरावर टाकून आपण घरीं निश्चिंत होतों. आम्ही धर्मगुरू येतों आणि बदलून जातों. घरें मात्र येथेंच राहतात. आज सायंकाळीं आपल्या लेकराचा हात धरून क्रुसाची खूण त्यास कोण शिकवील? त्या एका हातावर पुढील महोत्सव अवलंबून आहे. ती बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.