वाकळेतला तांबडा रंग का उतरतो?

आजचा भाग वाकळेवर आहे. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात, ती. आणि त्यातही एकाच प्रश्नावर: नवं कापड न धुता वाकळेत का घालू नये? प्रश्न घरगुती वाटेल, पण उत्तरासाठी मोहेंजोदडो, पॅरिस, मँचेस्टर आणि इचलकरंजी अशी चक्कर मारावी लागते. चला.

आधी आमच्या बावड्याचं सांगतो. कसबा बावडा म्हणजे कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठाला. नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं. राजाराम बंधाऱ्यापाशी, पंचगंगेच्या घाटावर नुसती गर्दी. ओली वाकळ एकट्याला उचलत नाही. दोघं दोन टोकांना धरून पिळतात, तेव्हा कुठं पाणी निघतं. एवढी आपटाआपटी होते, पण जुन्या वाकळेचा रंग जात नाही.

का जात नाही? कारण जायचा होता तेवढा आधीच गेलेला असतो. जुनी वाकळ कशाची असायची बघा. वरखाली आजीचं नऊवारी लुगडं, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, पाचपाच-दहादहा वर्षं रोज धुतलेलं. आत विरलेली धोतरं, फाटक्या चादरी, पोरांचे सदरे. वर धावदोरा. कापड वाकळेत येईपर्यंत त्याला शेकडो वेळा पाणी लागलेलं असायचं. ज्याला जगभरातले गोधडी शिवणारे लोक आज 'आधी धुऊन घ्या' म्हणतात, ते काम आपल्याकडं आयुष्यभराच्या वापरातच उरकत होतं. म्हणून तशी वेगळी रीतच पडली नाही.

आता गणित बदललंय. आमच्या गल्लीतल्या एक काकू ऑर्डरवर वाकळा शिवतात. गिऱ्हाइकाला जुनं लुगडं नको असतं, नवंकोरं कापड पाहिजे, रंग उठावदार पाहिजेत. हाताचा धावदोरा, एकेका वाकळेला दीड-दोन महिने. गेल्या वर्षी एक वाकळ गिऱ्हाइकानं पहिल्यांदा पाण्यात घातली आणि तांबड्या तुकड्यांचा रंग शेजारच्या पांढऱ्या चौकोनांवर फुटला. दोन महिन्यांचं काम गुलाबी. गिऱ्हाईक म्हणालं, कापड हलकं वापरलंय. काकू म्हणाल्या, दुकानदार पक्का रंग म्हणाला होता. दुकानदार म्हणाला, पक्काच आहे. गंमत अशी की दुकानदारही पूर्ण खोटं बोलत नव्हता. कसं, ते बघू.

सुती धाग्याला रंग धरवणं मुळात अवघड. लोकर आणि रेशीम रंग पटकन घेतात, कापूस घेत नाही. त्यावरची युक्ती आपल्या भागात फार जुनी आहे. मोहेंजोदडोला 1920 च्या दशकात उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या रंगानं रंगवलेला होता. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाला कापसावर तांबडा रंग टिकवता येत होता. पद्धत अशी: कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटी द्यायची आणि मग मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांबरोबर उकळायचं. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हातानं धागा धरतं आणि दुसऱ्या हातानं रंग. तिघांची गाठ बसली की रंग पाण्यात विरघळत नाही.

निळ्याचं तंत्र वेगळं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती हौदात आंबवून विरघळती करायची, कापड बुडवायचं, बाहेर काढून हवा लागू द्यायची. हवेत आली की नीळ परत घट्ट होऊन धाग्यात अडकते. हे काम करणारा निराळी समाज महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या होता. नीळ अशी अडकून बसलेली असते, म्हणून घासल्यावर थोडी निघते. नव्या जीन्सनं पांढरा सोफा निळा होतो ना, कारण हेच.

हा पक्का रंग हाच भारताच्या कापडाचा जगभरचा बोलबाला होता. सतराव्या शतकात आपली छिटं युरोपात पोचली आणि तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच असं स्वस्त, रंगीत कापड बघितलं, जे धुतलं तरी फिकं पडत नाही. तिथले विणकर घाबरले. फ्रान्सनं 1686 मध्ये बंदी घातली, ती 1759 पर्यंत चालली. इंग्लंडनं 1700 आणि 1721 मध्ये कायदे केले. बंदी असतानाच नक्कल सुरू होती. केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्रीनं 1742 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांकडून पद्धत विचारून घेतली आणि पत्रानं मायदेशी कळवली. आजच्या भाषेत म्हणायचं तर सोर्स कोडच गेला.

पुढं गाडी वेगानं पळते. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनीन बनवायला गेला आणि हातात जांभळा रंग आला. पहिला गाजलेला कृत्रिम रंग. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला मुख्य रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. काही वर्षांत मंजिष्ठेची शेती झोपली. याच अलिझरीननं स्कॉटलंडच्या गिरण्या 'टर्की रेड' नावाचं तांबडंभडक कापड रंगवून हिंदुस्थानच्या बाजारात ओतत होत्या. तेल, तुरटी, रंग अशी लांबलचक प्रक्रिया, पण रंग एकदम पक्का. अमेरिकेतल्या बायका तांबड्या-पांढऱ्या गोधड्यांसाठी हेच कापड धुंडायच्या, कारण त्याचा रंग पांढऱ्यावर उतरत नसे. लक्षात घ्या, काकूंची अडचण दीडशे वर्षांपूर्वी तिकडंही होती.

मग 1884 साली काँगो रेड आला. पाउल ब्योटिगर या जर्मनानं शोधलेला. त्याला तुरटी नको, हिरडा नको. गरम पाण्यात रंग आणि मीठ टाका, कापूस बुडवा, झालं. महिन्याचं काम तासावर आलं. पण असे 'थेट' रंग धाग्याला नुसते चिकटून बसतात, गाठ बसत नाही. पाणी लागलं की सुटतात. रंग स्वस्त झाला, झटपट झाला आणि कच्चा झाला. 'पक्का रंग का?' हा प्रश्न दुकानात इतका महत्त्वाचा का झाला, ते इथं कळतं.

आपल्या परिसरात याच सुमाराला कापडाचा नवा जमाना सुरू झाला. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 मध्ये शाहू मिल काढली. रंगांच्या रसायनशास्त्रातही आपली माणसं मागं नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ 1952 पासून जगभर वापरला गेला. पुढं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले.

आता शेवटचा टप्पा, आणि दुकानदाराच्या 'पक्का' शब्दाचं उत्तर. 1950 च्या दशकात मँचेस्टरला रॅटी आणि स्टीफन यांनी असा रंग तयार केला, जो कापसाशी थेट रासायनिक बंध बांधतो. 1956 मध्ये तो 'प्रोसिऑन' नावानं बाजारात आला. याला रिॲक्टिव्ह रंग म्हणतात, आज सुती कापडावर तो सर्रास असतो. बंध बसला की रंग खरोखर पक्का. पण हौदातला सगळा रंग कापसाला मिळत नाही. साधारण 60 ते 80 टक्के धाग्याशी जोडला जातो, बाकीचा पाण्याशीच जुळून वाया जातो आणि कापडावर नुसता बसून राहतो. गडद तांबड्या, काळ्या रंगात हा उरलेला भाग जास्त.

तो काढायला कारखान्यात कापड उकळत्या साबणपाण्यातून पुन्हापुन्हा काढावं लागतं. त्याला पाणी लागतं, इंधन लागतं आणि ते रंगीत पाणी शुद्ध करायचा खर्च येतो. एक धुणं वाचवलं की मीटरमागं पैसे वाचतात. हे न झालेलं शेवटचं धुणं मग काकूंच्या वाकळेत होतं. म्हणून कापड पक्क्या रंगाचं असूनही रंग उतरू शकतो. बचत एकाची, दोन महिन्यांची मजुरी दुसऱ्याची.

आता घरगुती उपाय. मिठाच्या पाण्यात भिजवा, तुरटी टाका, व्हिनेगर टाका, सगळं ऐकलं असेल. मीठ रंगवताना रंगाला धाग्याकडं ढकलतं. नंतर मीठ आहे तोवर पाणी कमी रंगतं, साध्या पाण्यात गेलं की परत सुरू. तुरटी मंजिष्ठेसारख्या रंगाला, तीही रंगवायच्या वेळी. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांचं काम, सुती कापडाचं नाही.

खरा उपाय सोपा आहे. आधी चाचणी: पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. नंतर कापडाचा तुकडा गरम साबणपाण्यात अर्धा तास ठेवून पाणी बघा. पाणी रंगलं तर सगळं कापड शिवण्याआधी वेगळं, भरपूर गरम पाण्यात साबण घालून धुवा. पाणी कमी असलं तर सुटलेला रंग परत कापडावरच बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. सात-आठ वेळा धुऊनही थांबत नसेल तर ते कापड वाकळेत घालू नका, पिशवी शिवा. नवं सुती कापड आटतं, तेही याच धुण्यात आटून जातं. आणि वाकळ धुतल्यावर ओला गठ्ठा करून ठेवू नका, लगेच पसरा. रंग सगळ्यात जास्त फुटतो तो ओल्या घडीत.

काकू आता कापडाबरोबर धुण्याची मजुरी वेगळी लावतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण देतात. तुम्ही वाकळ मागवणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: कापड धुऊन घेतलंय का? आणि 'हो' म्हणाले तर त्या कामाचे पैसे कापू नका.

तुमच्या घरी जुनी वाकळ असेल तर तिच्यात कुणाकुणाची लुगडी आहेत ते आजीला विचारा, व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.