वॉशिंग्टनचें दप्तर : जाळलेलें, सुधारलेलें व कातरलेलें

जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्या मृत्यूस सव्वादोनशें वर्षें होऊन गेलीं, तरी त्याच्या योग्यतेविषयींचा वाद त्याच्या देशांत मिटलेला नाहीं. एका पक्षास तो राष्ट्राचा जनक व निःस्पृहतेचा पुतळा वाटतो; दुसऱ्या पक्षास, स्वातंत्र्याचें युद्ध जिंकणारा पण शेंकडों गुलामांचा धनी, एवढीच त्याची ओळख पुरेशी वाटते. दोन्ही पक्ष त्याच्याच पत्रांतील उतारे एकमेकांपुढें करतात. परंतु हीं पत्रें कोणकोणत्या हातांतून आपणांपर्यंत आलीं, त्यांतील कोणतीं जळालीं, कोणतीं सुधारलीं गेलीं व कोणतीं कातरलीं गेलीं, हें न पाहतां निवाडा करणें म्हणजे साक्षीदाराचें नांवगांव न विचारतां साक्ष घेणें होय. ह्या त्रैमासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं जुन्या कागदांचे रुमाल आहेत. त्यांस ह्या दप्तराची हकीकत परकी वाटूं नये.

वॉशिंग्टन स्वतः कागदपत्रांच्या बाबतींत मोठा दक्ष होता. युद्ध चालू असतांनाच, १७८१ सालीं, काँग्रेसची संमति घेऊन त्यानें कर्नल रिचर्ड व्हॅरिक ह्याच्या हाताखालीं कारकून बसविले व आपल्या सेनापतिपदाच्या काळांतील पत्रव्यवहाराच्या सुवाच्य नकला वर्गवारीनें करविल्या. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी येथें हें काम चालून ४४ बाडें तयार झालीं. अध्यक्षपद सोडून १७९७ त माउंट व्हर्नन येथें परतल्यावर कागदांसाठीं निराळी इमारत बांधावी असा त्याचा विचार होता. तो तडीस गेला नाहीं. ता. १४ डिसेंबर १७९९ रोजीं घशाच्या विकारानें श्वास कोंडत असतां त्यानें आपला चिटणीस टोबायस लिअर ह्यास जीं थोडीं कामें सांगितलीं, त्यांत लष्करी पत्रें व हिशेब नीट लावून ठेवावे हें एक होतें. त्याच दिवशीं त्यानें पत्नी मार्था हिच्याकडून दोन मृत्युपत्रें आणविलीं. एक निरुपयोगी म्हणून तिच्या हातून जाळविलें व दुसरें जपून ठेवण्यास तिच्या स्वाधीन केलें. ही हकीकत लिअरच्या टिपणांत आहे.

आग तेथेंच थांबली नाहीं. चाळीस वर्षांच्या संसारांत पतिपत्नींनीं एकमेकांस लिहिलेलीं पत्रें मार्थेनें मागाहून अग्नीस दिलीं. वॉशिंग्टननें तिला लिहिलेल्यांपैकीं जून १७७५ मधील दोन पत्रें वाचलीं. सेनापतिपद पत्करल्यावर ता. १८ व २३ रोजीं लिहिलेलीं हीं पत्रें एका मेजाच्या खणांत राहून गेलीं, तें मेज नातीकडे गेलें, म्हणून तीं टिकलीं. पहिल्या पत्रांत एडमंड पेंडलटन ह्या वकिलाकडून मृत्युपत्र लिहवून घेतल्याचा मजकूर आहे. शेवटच्या दिवशीं जळालें तें बहुधा हेंच. मार्थेस दोष देण्याचें कारण नाहीं. पत्रें तिचीं होतीं. परंतु वॉशिंग्टनचा जो कोरडा, संगमरवरी चेहरा लोकांस दिसतो त्यास स्वभावाइतकीच ती आगहि कारण आहे, एवढें ध्यानांत ठेवावें. रिकामी पडलेली जागा बखरकारांनीं भरून काढली. मेसन वीम्स ह्या पाद्र्याचें चरित्र १८०० सालींच निघालें, आणि चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून खरें बोलणाऱ्या मुलाची सुप्रसिद्ध गोष्ट त्याच्या १८०६ च्या आवृत्तींत अवतरली. मराठी वाचकांस बखर व अस्सल कागद यांतील अंतर नव्यानें सांगावयास नको.

अस्सल दप्तर वारसाहक्कानें पुतण्या बुश्रॉड वॉशिंग्टन ह्याजकडे गेलें. तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. त्यानें कागद आपला सहकारी जॉन मार्शल ह्यास चरित्रलेखनासाठीं दिले. ते उंदरांनीं कुरतडल्याची व ओलीनें खराब झाल्याची तक्रार पुढें बुश्रॉडनेंच लिहून ठेविली आहे. १८२७ सालीं बोस्टनकडील जेअर्ड स्पार्क्स ह्यानें बुश्रॉडचें मन वळवून हें दप्तर प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळविली व कागद बोस्टनला नेले. १८३४ ते १८३७ ह्या अवधींत त्यानें बारा खंड छापले. स्पार्क्सचे श्रम सामान्य नव्हते. तो प्रांतोप्रांतीं हिंडला, लंडन व पॅरिस येथील दप्तरें त्यानें चाळलीं, आणि अमेरिकेंत मूळ कागदांवरून इतिहास लिहिण्याची वाट ज्यांनीं पाडली त्यांत त्याचें नांव अग्रभागीं येतें. हार्वर्डचें अध्यक्षपदहि त्यास पुढें मिळालें.

पण त्यानें पत्रें जशींच्या तशीं छापलीं नाहींत. वॉशिंग्टननें एका सेनापतीचा उल्लेख छावणींतील घरगुती नांवानें केला होता. छापील प्रतींत तेथें ‘जनरल पटनम’ असें भारदस्त नांव आलें. एका रकमेच्या अपुरेपणास वॉशिंग्टननें पिसूच्या चाव्याची उपमा दिली होती; ती काढून ‘गरजेच्या मानानें अगदीं अपुरी’ अशा अर्थाचें सभ्य वाक्य बसविण्यांत आलें. न्यू इंग्लंडच्या सैनिकांविषयींचे कडू उद्गार गाळले गेले. १८४७ सालीं वॉशिंग्टनचा एकेकाळचा चिटणीस जोसेफ रीड ह्याचा पत्रव्यवहार त्याच्या नातवानें छापला, तेव्हां तींच पत्रें दोन रूपांनीं लोकांपुढें आलीं. इंग्रज इतिहासकार लॉर्ड माहन ह्यानें १८५१ त स्पार्क्सवर उघड आरोप केला कीं, त्यानें पत्रें गाळलीं, बदललीं, इतकेंच नव्हे तर पदरचीं वाक्यें घातलीं.

स्पार्क्सच्या १८५२ मधील उत्तरांत दोन मुद्दे विचारार्ह आहेत. पहिला, पदरचीं वाक्यें घातल्याचा आरोप खोटा होता. तीं वाक्यें मुळांत होतीं, रीडच्या नातवाच्या छापील प्रतींतूनच तीं गळलीं होतीं. माहननें हा भाग मागें घेतला. दुसरा मुद्दा अधिक विलक्षण आहे. फ्रेंचांविरुद्धच्या जुन्या युद्धांत, म्हणजे १७५४ पासून पुढें, विशीबाविशींतल्या वॉशिंग्टननें जीं पत्रें लिहिलीं त्यांच्या नकलांचीं बाडें त्यानें स्वतःच पन्नाशीच्या सुमारास पुन्हा घेऊन, खाडाखोड करून, भाषा सुधारली होती. जेथें पाठविलेलें अस्सल पत्र उपलब्ध आहे तेथें हा फरक ताडून पाहतां येतो. स्पार्क्सचें म्हणणें असें कीं, धन्यानेंच जें केलें तें मीं पुढें चालविलें. हें समर्थन आम्हांस पटत नाहीं. लिहिणाऱ्यानें आपल्या नकलेवर लेखणी फिरविली तर ती खाडाखोडहि इतिहासाचा कागदच होय; तरुण शिपायाच्या बोबड्या इंग्रजीची पोक्त माणसास लाज वाटली, ही गोष्टच तिच्यावरून कळते. संपादकानें न सांगतां फिरविलेल्या लेखणीवरून कांहींच कळत नाहीं. फक्त मूळ लपतें.

तथापि पाठ सुधारण्याहून मोठा अपराध स्पार्क्सच्या हातून घडला. तो आम्हां संग्राहकांच्या जातीचा असल्यामुळें त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. अध्यक्षपदाची शपथ वॉशिंग्टननें ता. ३० एप्रिल १७८९ रोजीं न्यूयॉर्क येथें घेतली. (शके १७११, पुण्यांत त्या वेळीं सवाई माधवरावाच्या नांवें नाना फडणीस कारभार पाहत होता.) त्या प्रसंगीं जें लहानसें भाषण झालें तें मुख्यतः जेम्स मॅडिसनच्या लेखणीचें. परंतु त्याआधीं डेव्हिड हंफ्रीज ह्यानें एक लांबलचक मसुदा रचला होता, आणि वॉशिंग्टननें सत्तरांवर पृष्ठांची त्याची नक्कल स्वहस्तें काढून मॅडिसनला दाखविली होती. मॅडिसनला तो रुचला नाहीं. मसुदा बाजूस पडला. स्पार्क्सला तो दप्तरांत सांपडला. छापावा कीं नाहीं म्हणून त्यानें १८२७ त वृद्ध मॅडिसनचाच सल्ला घेतला. मॅडिसननें न छापण्याचें सुचविलें. येथपर्यंत ठीक. परंतु छापावयाचा नाहीं म्हणजे तो निरुपयोगी, अशी स्पार्क्सची समजूत झाली, आणि महापुरुषांचीं हस्ताक्षरें जमविण्याचा छंद नुकता फैलावत होता. कोणीं मागितलें कीं स्पार्क्स त्या मसुद्याचें एक पान देई. पानें कमी पडूं लागलीं तेव्हां कात्री चालवून चार चार ओळींचे तुकडे वाटूं लागला. ज्यांनीं ते नेले त्यांनीं भक्तीनेंच नेले, चौकटी करून भिंतीवर लाविले. विसाव्या शतकांत संशोधकांनीं हे तुकडे शोधून कडेला कड जुळविण्यास आरंभ केला. मूळ मजकुराचा लहानसा हिस्साच हातीं आला.

उरलेल्या तुकड्यांत एका ठिकाणीं, आपणांस पोटचें मूल नाहीं, तेव्हां देशाच्या नुकसानींत आपण वंशासाठीं राज्य उभारूं अशी शंका कोणास नको, असा आशय आहे. राजाविरुद्ध बंड करून मोकळ्या झालेल्या लोकांच्या मनांतील सर्वांत मोठें भय कोणतें, आणि तें वॉशिंग्टनला किती स्पष्ट दिसत होतें, हें ह्याहून उघडपणें त्याच्या दुसऱ्या कागदांत क्वचितच सांपडेल. असा कागद कात्रीनें फाडला गेला. आणि तो फाडणारा माणूस वॉशिंग्टनचा निंदक नव्हता, पूजक होता.

आतां गुलामांच्या प्रश्नाकडे वळूं. येथें कागद विपुल आहेत, कारण हिशेबाचे कागद कोणी जाळीत नाहीं व त्यांची भाषा सुधारावी असेंहि कोणास वाटत नाहीं. वॉशिंग्टनच्या बाजूनें नेहमीं पुढें येणारें पत्र ता. १२ एप्रिल १७८६ चें, रॉबर्ट मॉरिस ह्यास लिहिलेलें. त्यांत दास्य कायद्यानें नाहींसें व्हावें अशी आपली मनापासून इच्छा असल्याचें तो सांगतो. उतारा खरा आहे. परंतु पत्र मुळांत लिहिलें तें तक्रारीसाठीं. फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीनें एका गृहस्थाचा गुलाम सोडविण्याचा घाट घातला होता, त्याबद्दल वॉशिंग्टनचा रोष होता. संदर्भ काढून उतारा देणें हीहि एक कात्रीच. आतां बरोबर पांच वर्षांनंतरचें, ता. १२ एप्रिल १७९१ चें, लिअरला लिहिलेलें पत्र पाहावें. राजधानी तेव्हां फिलाडेल्फियास होती आणि पेन्सिल्व्हानियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणें बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तेथें राहिला तर मोकळा होण्याचा हक्क मागूं शके. म्हणून गुलामांस मुदतीपूर्वीं कांहीं निमित्त करून प्रांताबाहेर पाठवावें, आणि खरें कारण त्यांस व लोकांस कळूं नये, अशी सूचना राष्ट्राध्यक्ष करतो. चेरीच्या झाडाची गोष्ट ज्यांनीं मुलांना शिकविली त्यांनीं हें पत्र वाचलेलें नसावें.

१७९६ च्या मे महिन्यांत ओना जज ही मार्थेची दासी फिलाडेल्फियांतून निघून न्यू हॅम्पशायरांतील पोर्ट्समथ येथें गेली. तिला परत आणण्यासाठीं वॉशिंग्टननें तेथील जकात अधिकाऱ्यामार्फत खटपट केली. १७९९ त पुन्हा केली. ती परतली नाहीं.

त्याच १७९९ सालच्या जूनमध्यें वॉशिंग्टननें आपल्या मळ्यांवरील गुलामांची याद स्वहस्तें तयार केली. नांव, काम, वय, नवरा किंवा बायको कोणत्या मळ्यावर, अशीं सदरें आहेत. एकूण ३१७ माणसें. त्यांतील १५३ मार्थेच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचीं, म्हणून कायद्यानें तिच्या वारसांचीं. सुमारें ४० भाड्यानें घेतलेलीं. उरलेलीं सवाशेंच्या आंतबाहेर स्वतःच्या मालकीचीं. पुढच्याच महिन्यांत, ता. ९ जुलै रोजीं, त्यानें वकिलाच्या मदतीवांचून मृत्युपत्र लिहिलें. त्यांत मालकीचे सर्व गुलाम मार्थेच्या मृत्यूनंतर मोकळे करावे, वृद्ध व पंगूंस अन्नवस्त्र द्यावें, पोरक्या मुलांस लिहावाचावयास व धंदा शिकवून पंचविसाव्या वर्षीं सोडावें, आणि युद्धांत सोबत राहिलेला विल्यम ली ह्यास ताबडतोब मुक्त करून सालिना ३० डॉलर द्यावे, असा हुकूम आहे. कोणासहि व्हर्जिनियाबाहेर विकूं नये अशी ताकीदहि आहे. याद व मृत्युपत्र एकत्र वाचलीं म्हणजे यादींतील सदरांचा हेतु उमगतो: धनी मोजदाद करीत होता ती सोडण्यासाठीं, आणि सोडतांना कोणाचा नवरा कोणत्या हिश्श्यांत राहील हेंहि त्यास दिसत होतें. आमच्या मतें ह्या दोन कागदांवर त्याची बाजू जितकी उभी राहते तितकी मॉरिसच्या पत्रावर राहत नाहीं. जन्मभर जें त्यानें केलें नाहीं तें मरतांना केलें. आणि १७९१ चें पत्रहि त्यामुळें पुसलें जात नाहीं.

मार्थेनें ता. १ जानेवारी १८०१ रोजींच त्या लोकांस मोकळें केलें. १८०२ त ती वारल्यावर पहिल्या पतीच्या इस्टेटीकडील माणसें नातवंडांत वांटलीं गेलीं व पुष्कळ कुटुंबें दुभंगलीं. दप्तराचा वारस बुश्रॉड ह्यानें १८२१ त माउंट व्हर्ननचे स्वतःचे ५४ गुलाम विकले. दप्तर मात्र पुढच्या वारसानें संयुक्त संस्थानांच्या सरकारास १८३४ व १८४९ अशा दोन खेपांस विकलें. तें आज वॉशिंग्टन शहरांतील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहे. व्हर्जिनिया विद्यापीठानें १९६८ त आरंभिलेल्या आवृत्तींत मुळाबरहुकूम पाठ छापण्याची शिस्त पाळली जाते.

मृत्युपत्र फेअरफॅक्स परगण्याच्या कचेरींत दाखल झालें होतें. १८६१ चें गृहयुद्ध सुरू झाल्यावर तें सुरक्षिततेसाठीं रिचमंडला हलविलें. मार्थेचें स्वतःचें मृत्युपत्र कचेरींतच राहिलें व उत्तरेकडील सैन्यानें लुटींत नेलें. पुढें तें मॉर्गन ह्या धनाढ्य संग्राहकाच्या कपाटांत निघालें. व्हर्जिनियानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावल्यावर १९१५ त तें परत आलें. त्याच्या पुरवणींत, मार्थेच्या स्वतःच्या मालकीचा एलिश नांवाचा एक गुलाम नातवास दिल्याची नोंद आहे. हीं दोन्ही मृत्युपत्रें आतां फेअरफॅक्सच्याच दप्तरखान्यांत आहेत.