प्रवरेचा ऊस आणि कारवारचा बांबू

आपल्या मंडळाने यंदा तलावातील विसर्जनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद माझ्या गळ्यात घातले. सभेत मी नाही म्हणालो नाही, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आमच्या सोसायटीच्या पाणी-समितीचे अध्यक्षपद मी पूर्वी एकदा भूषवले आहे आणि त्या कारकिर्दीची आठवण फारशी सुखाची नाही. ती हकिगत ओघात येईलच. संपादक मंडळाने "इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला तेव्हा मनात हाच विषय घोळत होता. चार प्रकारच्या लोकांना एकत्र बसवून एखादा गुंतागुंतीचा प्रश्न कसा सोडवायचा, हे कोणी कुठे शिकले का? आपल्या मराठी माणसांत याचे एक घराणेच आहे, आणि त्यातील निम्मा भाग आपल्या बंगळुरात घडला आहे. हे घराणे गाडगीळांचे.

सुरुवात धनंजयराव गाडगीळांपासून करू. जन्म १९०१, शिक्षण केंब्रिजला. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२४ सालचे, म्हणजे लेखक जेमतेम तेवीस वर्षांचा. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. एवढ्यावर आयुष्य काढले असते तरी नाव राहिले असते. पण संस्थेने गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांवरील गावांची पाहणी हाती घेतली. कालव्याच्या पाण्याने नेमके कोणाचे, किती आणि कसे भले झाले, हा तिचा विषय होता. तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

त्या वेळी अहमदनगर जिल्ह्यात काय स्थिती होती? भंडारदऱ्याचे पाणी आले, ऊस उभा राहिला. पण उसाला भांडवल लागते आणि भांडवल सावकाराकडे. गुळाचा भाव पडला की बागाईतदार बुडाला. हरेगावच्या बेलापूर कंपनीसारखे खाजगी साखर कारखाने शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन त्यावर ऊस पिकवत होते. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचे आणि साखरेचा नफा तिसऱ्याच्याच खिशात. पाणी, कर्ज, भाव, जमीन ही एकाच गाठीची चार टोके होती. एक टोक ओढले की बाकीची तीन घट्ट होत.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शाळा फारशी न शिकलेले शेतकरी. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा ही त्यांची धडपड. १९४५ साली कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. वैकुंठभाई मेहता हे सहकारातले जाणते गृहस्थही पाठीशी होते. विखे पाटील गावोगाव हिंडून भाग-भांडवल गोळा करू लागले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कंपनीचा शेअर पाहिला नाही, त्याच्याकडून अजून न बांधलेल्या कारखान्यासाठी पैसे मागायचे, हे काम सोपे नव्हते. १९४८ च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम निघाला.

कारखाना निघाला तेव्हा अध्यक्ष झाले धनंजयराव, आणि पुढे सुमारे दहा वर्षे तेच अध्यक्ष राहिले. मला नेहमी प्रश्न पडे की पैसे जमवले विखे पाटलांनी, मग खुर्ची पुण्याच्या प्राध्यापकाला का? मला सुचते ते उत्तर असे. कोणत्या गावात कोणते दोन वाडे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत हे विखे पाटलांना पाठ होते. सरकार आणि कर्ज देणारी महामंडळे कोणती भाषा समजतात हे धनंजयरावांना माहीत होते. शिवाय त्यांचा तिथे ना ऊस, ना भावकी. उसाच्या भावाचा निर्णय अध्यक्षाने दिला तर त्यात त्याचा स्वतःचा एक पैचाही लाभ नव्हता. दोघांनाही आपल्याला काय येत नाही हे ठाऊक होते आणि त्यात कमीपणा वाटत नव्हता. नियमही साधा होता. भाग कितीही असोत, मत एकच.

पण याच प्रयोगाची एक उणीव सांगायलाच हवी. सभासद कोण, तर ज्याच्या जमिनीवर ऊस आहे तो. ज्याच्या हातात कोयता आहे तो कधीच सभासद नव्हता. मराठवाड्यातून बिऱ्हाड घेऊन फडावर येणारा ऊसतोड कामगार त्या टेबलाशी बसला नाही, आणि पुढे महाराष्ट्रात दीडशेहून अधिक सहकारी कारखाने निघाले तरी त्याचा प्रश्न सुटला नाही. कारखान्यांच्या राजकारणाविषयी मी बोलत नाही, आपल्यापैकी नगर-सांगलीकडील मंडळींना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आता बंगळूर. धनंजयरावांचे चिरंजीव माधवराव आणि सूनबाई सुलोचनाबाई हार्वर्डहून शिकून आले आणि १९७३ साली सतीश धवन संचालक असताना येथील भारतीय विज्ञान संस्थेत, आपल्या भाषेत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, रुजू झाले. दोघेही आधी सैद्धांतिक अभ्यास केंद्रात, म्हणजे समीकरणे मांडणाऱ्यांच्या खोलीत होते. मल्लेश्वरम आणि यशवंतपूरच्या मध्ये पसरलेल्या त्या गर्द झाडीच्या आवारासमोरून आपण बसने हजारदा गेलो असू.

१९७५ साली कर्नाटक सरकारने माधवरावांकडे एक काम दिले. कारण होते बुरूड समाजाची, ज्यांना इकडे मेदार म्हणतात त्यांची, तक्रार. टोपल्या, सुपे, तट्टे विणणाऱ्या या लोकांना बांबू मिळेनासा झाला होता आणि मिळालाच तर महाग. दांडेलीच्या कागद गिरणीला मात्र तो सरकारकडून नाममात्र दराने मिळत होता. गिरणीचे म्हणणे असे की आम्ही शास्त्रशुद्ध तोड करतो, बांबू संपतो तो गावकऱ्यांच्या गुरांमुळे आणि वणव्यांमुळे. वनखात्याचेही साधारण तेच मत. दोन्ही बाजू एकमेकांना चोर म्हणत होत्या.

माधवराव आणि त्यांचे सहकारी कारवार जिल्ह्याच्या, म्हणजे उत्तर कन्नडच्या, रानात गेले आणि बांबूची बेटे मोजू लागले. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी वाकड्यातिकड्या काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोडणी सोपी जावी म्हणून गिरणीची माणसे ते छाटून टाकत. वनशास्त्राचा समज असा की जाळे काढले म्हणजे बेट मोकळे होते आणि वाढ चांगली होते. गावकरी याच्या नेमके उलट सांगत. त्यांचे म्हणणे, काटे हे बेटाचे कुंपण आहे. ते काढले की कोवळे कोंब गुरे, वानरे आणि साळिंदरे खाऊन टाकतात, मग नवा बांबू येणार कुठून? माधवरावांच्या चमूने काही वर्षे मोजमाप केले आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. गुरे तर पूर्वीपासून होतीच, पण काटे होते तोवर ती कोंबांपर्यंत पोचत नव्हती. रानात बांबू किती आहे याचा ज्या अंदाजावर गिरणीचे करार बेतले होते, तो अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगवलेला निघाला.

हे वाचले तेव्हा मला आमची पाणी-समिती आठवली. बोअरवेल आटली होती, टँकरचा खर्च दुप्पट झाला होता. मी कारखान्यात नियोजन खात्यात आयुष्य काढलेला माणूस. तक्ते केले, आलेख काढले, कोणत्या मजल्यावर किती माणसे आणि किती वॉशिंग मशिने याची मोजदाद केली आणि तीन कुटुंबांवर ठपका ठेवला. सर्वसाधारण सभेत जे रामायण झाले ते सांगत नाही. त्यातील एक कुटुंब आपल्या गणपतीला पुढे दोन वर्षे आले नाही. दीड महिन्याने कळले की गच्चीवरच्या टाकीचा बॉल-व्हॉल्व्ह गेला होता आणि रोज पहाटे पंप सुरू झाला की पाणी पावसाच्या नळीतून सरळ गटारात जात होते. पंप चालवणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी त्याला विचारले, "मग सांगितले का नाही?" तो शांतपणे म्हणाला, "नीवु केळले इल्ल, सार्." तुम्ही विचारलेच नाही.

सुलोचनाबाईंचे काम त्या मानाने आपल्या लोकांना कमी माहीत आहे. त्या मोसमी पावसाच्या अभ्यासक. समीकरणे आणि उपग्रहांची चित्रे यांत बुडालेल्या. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्याच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या सहकाऱ्यांतील एक तर स्वतः त्या भागातले शेतकरी आणि शास्त्रज्ञही होते. देशात यंदा सरासरीच्या किती टक्के पाऊस होईल, हा वेधशाळेचा प्रश्न. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळाच: माझ्या रानात पेरणी केव्हा करू? पावसाची उघडीप लांबली की पाने पोखरणारी अळी पडते, हे शेतकऱ्यांच्या अनुभवातले. त्यांनी जुन्या पावसाच्या नोंदी, पिकाच्या वाढीचे गणित आणि हा अनुभव एकत्र केला, तेव्हा थोड्या उशिराच्या पेरणीत जोखीम कमी आहे असे निघाले. पाऊस तोच, जमीन तीच, फक्त प्रश्न कोणी मांडायचा हे बदलले.

या घराण्याला अपयश आले नाही असे नाही, आणि मला वाटते तोच भाग आपल्याला अधिक उपयोगी आहे. २०१० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि माधवराव तिचे अध्यक्ष झाले. २००४ साली ते टाटा इन्स्टिट्यूटमधून निवृत्त होऊन पुण्यास गेले होते. समिती गुजरातपासून केरळपर्यंत फिरली, लोकांशी बोलली. सिंधुदुर्गात काही ग्रामसभांनी तर आपण होऊन ठराव केले की आमचे गाव संवेदनशील म्हणून जाहीर करा. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला गेला. त्याचा गाभा असा की कोठे काय चालावे आणि काय नाही, याचा शेवटचा विचार ग्रामसभांनी करावा. समितीने आखलेल्या तीन श्रेणी हा फक्त चर्चेचा आरंभ.

पुढे काय झाले? अहवाल सरकारी कपाटात राहिला. माहितीच्या अधिकाराखाली झगडा झाल्यावर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. पण होता इंग्रजीत, दोन जाड भागांत. ज्या ग्रामसभेने त्यावर विचार करायचा, तिच्यापर्यंत तो मराठीत, कन्नडात, मल्याळीत पोचण्याआधीच अफवा पोचली. घर बांधता येणार नाही, शेती सोडावी लागेल, गाई पाळता येणार नाहीत असे सांगितले गेले. ज्यांचे हितसंबंध दगडखाणीत होते त्यांनी ही संधी सोडली नाही. दुसरी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष आपल्या बंगळूरचेच अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन. तिने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. केरळात तर या अहवालावरूनही दंगे झाले. २०२४ पर्यंत सरकारी मसुद्यावर मसुदेच निघत राहिले.

दोष कोणाचा? सरकारने अहवाल दडपला हे तर उघड आहे. तरीही माझ्या अल्पमतीला असे वाटते की या समितीजवळ माधवराव होते, पण तिच्याजवळ विठ्ठलराव नव्हते. घरोघर जाऊन ओसरीवर बसणारा, "दादा, यात तुझे घर जात नाही" असे त्या माणसाच्या बोलीत सांगणारा कोणी प्रत्येक तालुक्यात हवा होता. दीड वर्षात सहा राज्यांत तो उभा करणे शक्य होते का, हा प्रश्न निराळा.

बांबूची गोष्ट मात्र वेगळ्या ठिकाणी पुरी झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. सर्वांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही अशी त्यांची रीत. देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले, पुन्हा तीच जोडी. वनहक्क कायद्याने २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात जाऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. या गावाचे कौतुक माधवरावांनी पुढे ठिकठिकाणी लिहिले. १९७५ साली मेदारांनी जी तक्रार केली होती, तिचे एक उत्तर छत्तीस वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या लोकांना मिळाले.

तर आता आपली तलाव समिती. गेल्या महिन्यात पहिली बैठक झाली. मूर्ती शाडूची, उंची किती, निर्माल्याचे काय, फिरता हौद मागवावा का, यावर आम्ही बारा जण अडीच तास बोललो. सर्व मराठी, सर्व सुशिक्षित, आणि चहा दोनदा झाला. घरी येताना लक्षात आले की तलावात जाळे टाकणारे मासेमार, काठावर गवत कापायला येणाऱ्या बायका आणि विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सांगाडे ओढून काढणारे पालिकेचे कामगार यांच्यापैकी एकही त्या खोलीत नव्हता. म्हणून दुसरी बैठक विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता तलावाच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर ठेवली आहे. मासेमार मंडळी त्या वेळी जाळी सुकवत असतात. माझे कन्नड भाजीबाजारापुरतेच आहे, तेव्हा ज्यांना ते नीट बोलता येते अशा दोघा-तिघांनी कृपया अवश्य यावे. चहाचा थर्मास मी आणीन.