स्वीडिश स्तंभ व ऱ्हाईनचें जुनें पात्र

स्थलनिर्णय करतांना आजच्या नकाशावर विसंबूं नये, हें तत्त्व सर्वमान्य असलें तरी प्रत्यक्षांत तें वारंवार विसरलें जातें. त्याचें एक बोधप्रद उदाहरण म्हणून जर्मनींतील कूकॉफ या स्थळाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

डार्मस्टाट शहराच्या नैर्ऋत्येस, एरफेल्डन गांवानजीक, ऱ्हाईनच्या जुन्या पात्राच्या कांठीं एक दगडी स्तंभ असून त्याच्या माथ्यावर सिंह आहे. तीस वर्षांच्या युद्धांत स्वीडनचा राजा गुस्टाव्हस अडॉल्फस यानें डिसेंबर १६३१ मध्यें ऱ्हाईन ओलांडली, त्या प्रसंगाचें हें स्मारक होय. सांप्रतचा नकाशा पाहूं जातां स्तंभासमोर एक बेट दिसतें, आणि नदीचा मुख्य प्रवाह बेटाच्या पलीकडे, पश्चिमेस वाहतो. यावरून असा तर्क सहज होतो कीं, राजानें आधीं बेट गांठून मग दुसरा प्रवाह ओलांडला असावा. किंवा स्तंभच भलत्या जागीं उभारला गेला असावा.

आमच्या मतें हे दोन्ही तर्क त्याज्य आहेत. १६३१ सालीं तेथें हें बेट नव्हतेंच. तेव्हां नदी एरफेल्डनवरून मोठा वळसा घेऊन जात असे, व कूकॉफ हा पश्चिम तीरास जोडलेला भूभाग होता. पुढें पुराचें पाणी लवकर निघून जावें म्हणून हेसे-डार्मस्टाट संस्थानचा जलस्थापत्यज्ञ क्लाउस क्रोंके याच्या योजनेनें १८२८-२९ मध्यें वळशाची मान खणून नदी सरळ करण्यांत आली. कूकॉफ बेट बनलें तें तेव्हां. अर्थात् राजानें ओलांडली ती मुख्य ऱ्हाईनच. स्तंभ जागचा हलला नाहीं, नदी हलली.

या पात्राचें पुढील वृत्तही नमूद करण्याजोगें आहे. १९५२ सालीं हा प्रदेश संरक्षित झाला. त्याचा विस्तार सुमारें २४०० हेक्टर असून हेसे राज्यांत एवढें मोठें निसर्गरक्षित क्षेत्र दुसरें नाहीं. बेटावर बांधांच्या आश्रयानें शेती चालत असे. परंतु १९८३ च्या पुरानें बांध फुटला, आणि ती शेतें पुन्हां नांगराखालीं न आणतां नदीच्या स्वाधीन करण्यांत आलीं. आतां तेथें पूर मोकळेपणें येतो व रान वाढतें.

सारांश, मनुष्यानें टाकलेल्या या पात्रांतच १६३१ च्या ऱ्हाईनची खूण शिल्लक आहे. तें बुजलें असतें तर स्तंभाची साक्षही खोटी ठरविली गेली असती. जुन्या लढायांच्या अभ्यासकांनीं कागदपत्रांइतकीच नद्यांच्या टाकलेल्या वळणांचीही दखल घ्यावी, इतकीच आमची विनंति आहे.